हृदयाचं टोक

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेल्यावर अगदी शेवटची खोली इकोची. त्या खोलीत थोरली तेवीस वर्षं काम करत होती. घरात दोन जावा. ही मोठ्या भावाची बायको म्हणून थोरली, दुसरी धाकट्या भावाची म्हणून धाकटी. आधी इस्पितळात तिला सगळे 'इकोताई' म्हणायचे. पण धाकटीही त्याच इस्पितळात नोकरीला लागली आणि घरची नावं तिथेही रुळली. वॉर्डातल्या नर्स फोनवर विचारायच्या, "थोरल्या बोलताय की धाकट्या?"

इकोची खोली म्हणजे दोन माणसं धड उभी राहणार नाहीत एवढी जागा. एक पलंग, एक मशीन, एक गोल स्टूल, खिडकीला काळा पडदा. पेशंटने डाव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून निजायचं, थोरलीने मागून हात टाकून त्याच्या छातीवर प्रोब टेकवायचा, की पडद्यावर हृदय हलताना दिसायला लागायचं. छातीला लावायचं जेल गार लागून माणूस दचकतो, म्हणून ती जेलची बाटली कोमट पाण्याच्या मगात उभी करून ठेवायची. इतकी वर्षं तिच्या हाताखालून हजारो हृदयं गेली होती. तरुण डॉक्टर नवे आले की पहिले सहा महिने तिच्याकडूनच शिकायचे. "ताई, जरा बघता का?" असं त्यांनी दारातून विचारलं, की ती मुद्दाम दोन क्षण थांबून "बघते" म्हणायची.

धाकटी घरात आली तेव्हा तिच्याकडे विज्ञानाची पदवी होती आणि नोकरी नव्हती. दोन वर्षं घरात बसून तिचा चेहरा उतरला, तेव्हा थोरलीनेच तिला इस्पितळात आणलं. स्वतः त्या पलंगावर कुशीवर निजली आणि म्हणाली, "शीक माझ्यावर." प्रोब किती दाबायचा, कुठल्या बरगडीखालून हृदयाचं टोक पुरतं दिसतं, हे सगळं धाकटी थोरलीच्या छातीवर शिकली.

मग तळघरात एमआरआयचं मशीन आलं. ते चालवायला दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि इस्पितळ कुणाला तरी पाठवणार होतं. हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी आधी थोरलीलाच विचारलं. तेव्हा तिच्या मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष चाललं होतं. "मला कुठे आता या वयात जमणार," असं थोरली म्हणाली. तिला वाटलं होतं, कुणीतरी आग्रह करेल. कुणी केला नाही. धाकटी गेली, शिकून आली आणि तळघरात काचेमागे बसायला लागली.

तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

सुरुवात घरातूनच झाली. दोन्ही भावांची बिऱ्हाडं एकाच इमारतीत होती, वर-खाली. सासूबाई खालच्या मजल्यावर थोरलीकडे राहायच्या आणि बोलायच्या मात्र वरच्या मजल्याबद्दल. कुणी भेटायला आलं की म्हणायच्या, "आमची धाकटी मोठ्या मशीनवर असते. माणसाचे आतून काप काढते, न कापता." पाहुणा कौतुकाने थोरलीकडे बघून विचारायचा, "आणि या?" सासूबाई म्हणायच्या, "ही पण तिथेच असते."

"ही पण" हे दोन शब्द थोरलीला आठवडाभर पुरायचे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "अगं, आई बोलते ते काय मनावर घेतेस?" आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचा. तो मनावर घेत नाही, याचाही तिला राग यायचा.

तशात इस्पितळात ते नवं संशोधन सुरू झालं. झटका येऊन ज्यांच्या हृदयाचा एखादा भाग मेला होता, अशा चोवीस जणांच्या कमरेच्या हाडातला मगज काढून, त्यातल्या पेशी त्यांच्याच हृदयात टोचायच्या. त्या पेशींनी मेलेल्या भागात पुन्हा जान येते का ते बघायचं. त्यासाठी टोचण्याआधी एकदा, मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला प्रत्येकाचा इकोही करायचा आणि एमआरआयही.

गुरुवारी दुपारी छोट्या सभागृहात सगळे जमायचे. आधी थोरलीचं हलतं चित्र भिंतीवर लागायचं. ती उभी राहून आकडा सांगायची. हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर फेकतं, त्याचा तो टक्का. धडधाकट माणसाचा साठच्या आसपास, या लोकांचा तीस-पस्तीस. दोन मिनिटांत तिचं काम संपायचं. मग धाकटीची चित्रं लागायची आणि खुर्च्या पुढे सरकायच्या. शिरेतून एक औषध सोडून काढलेले ते काप. जिवंत मांस काळं, मेलेलं पांढरं. मेलेला भाग किती, हे कुणालाही बोट ठेवून दाखवता यायचं. मोठे डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून भिंतीपाशी जायचे आणि म्हणायचे, "वा! काय स्वच्छ चित्र आहे!" तेवीस वर्षांत थोरलीच्या चित्राला त्यांनी "ठीक" म्हटलं होतं. फार तर "छान".

धाकटी सभा संपल्यावर म्हणायची, "वहिनी, चहा घेऊया?"

"माझे पेशंट खोळंबलेत," थोरली म्हणायची. खोळंबलेलं कुणी नसायचं.

त्या चोवीस जणांत एक सुतार होता. पंचावन्न-छप्पन्न वय, बोटं जाडजूड, बोलका माणूस. लाकडी कपाट जिन्यावरून चढवताना त्याला झटका आला होता आणि हृदयाच्या टोकाकडचा भाग मेला होता. पहिल्या तपासणीला त्याचा आकडा आला तेहेतीस. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "ताई, तुमच्या खोलीत बरं वाटतं बघा. खाली त्या नळीत घातलं की वाटतं, जिवंतपणीच पेटीत भरलं. आणि पेटी पण लोखंडाची! लाकडाची असती तर मी काही म्हटलं नसतं."

थोरली खुदकन हसली. तो दिवस तिला छान गेला. संध्याकाळी घरी भाजी चिरताना तिने ते वाक्य नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

तीन महिन्यांनी सुतार पुन्हा आला. थोरलीच्या पुढ्यात त्याचा जुना रिपोर्ट उघडा होता. पहिल्यांदा माप घेतलं, आकडा चौतीस. ती मनाशी म्हणाली, एवढे कष्ट करून एकच टक्का? काहीतरी नीट दिसत नाहीये. तिने प्रोब जरा सरकवला, जरा वळवला. अडतीस आला. तिने अडतीस लिहिला. सहाव्या महिन्याला असंच करता करता त्रेचाळीस आला. आपल्या मशीनवर हे आधी दिसलं, या आनंदात ती बोलून गेली, "अहो, तेहेतीसचे त्रेचाळीस झालेत तुमचे! औषध लागू पडलं."

आकडा पेशंटला सांगायचा नाही, तो डॉक्टरांनी सांगायचा, हा नियम तिला पाठ होता. पण सुतार पलंगावर उठून बसला आणि त्याने दोन्ही हात जोडले. तो क्षण तिला सोडवला नाही.

त्या गुरुवारी तिने त्रेचाळीस हा आकडा जरा मोठ्यानेच सांगितला. मग धाकटी उठली. खाली मान घालून म्हणाली, "माझ्याकडे पस्तीस आलेत. मेलेला भाग होता तेवढाच आहे."

सभागृहात जरा कुजबुज झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "फरक फार आहे. बरं, तूर्त एमआरआयचं धरू."

एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. थोरलीला भर सभेत कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. एमआरआयचं धरू! का? तो तळघरात आहे म्हणून? महाग आहे म्हणून? कालची पोरगी, जिला प्रोब कसा धरायचा ते आपण दाखवलं, तिचा आकडा खरा आणि आपला खोटा?

पुढचे चार दिवस ती डबा खायचा सोडून धाकटीची जुनी चित्रं संगणकावर उघडून बसायची. चूक हवी होती तिला. आणि सापडली. एका म्हातारीचे तीन काप पुसट आले होते. एमआरआयला श्वास रोखून धरावा लागतो. म्हातारी घाबरली असणार, श्वास सुटला असणार आणि धाकटीने ते काप पुन्हा न घेताच पुढे पाठवले होते. थोरलीने हे धाकटीला सांगितलं नाही. मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि सहज आठवल्यासारखं म्हणाली, "ते तीन काप बघितलेत का हो तुम्ही?"

धाकटीला बोलावणं आलं. म्हातारीला दोन तासांचा प्रवास करून पुन्हा यावं लागलं. संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात दोघी जावा समोरासमोर आल्या. धाकटीचे डोळे सुजले होते. "काय गं, बरं नाही का?" थोरलीने विचारलं. धाकटी म्हणाली, "डोकं दुखतंय," आणि वर निघून गेली. थोरलीला त्या दिवशी दोन घास जास्त गेले. नंतर पोटात ते दगडासारखे बसून राहिले, ती गोष्ट निराळी.

पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. पुढच्या सभेत ती उभी राहिली. "माझं म्हणणं आहे, दोन्हीकडची सगळी चित्रं बाहेरच्या कुणालातरी दाखवा. नावं झाकून, तारखा झाकून. दूध का दूध होऊन जाऊ दे." मोठ्या डॉक्टरांना ते पटलं. दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या जाणत्या डॉक्टरीणबाईंकडे सगळी चित्रं गेली.

पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. मोठ्या डॉक्टरांनी थोरलीला खोलीत बोलावून तो हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बाईंनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. एमआरआयची मापं बरोबर. इकोची सुरुवातीची चित्रं उत्तम, क्वचितच इतकी चांगली बघायला मिळतात. मात्र नंतरच्या चित्रांत चोवीसपैकी नऊ जणांच्या हृदयाचं टोक चित्रातून सुटलं आहे. नऊच्या नऊ जणांचा आकडा त्यामुळे खऱ्यापेक्षा चांगला आला आहे.

थोरलीने कागद पुन्हा वाचला आणि ती आपल्या खोलीत आली. दार लावून सुताराचं चित्र उघडलं. पहिल्या वेळचं हृदय लांबट होतं, खाली निमुळतं होत गेलेलं, टोकाशी नुसतं थरथरणारं. सहाव्या महिन्याचं गोलसर, आखूड, झकास आवळणारं. प्रोब एक बरगडी वर सरकला की असंच होतं. टोक कापलं जातं आणि उरलेलं हृदय आहे त्याहून बरं दिसतं. सुताराचं तर टोकच मेलेलं होतं. तेच तिने बाहेर ठेवलं होतं.

मुद्दाम केलं होतं का? ती स्टुलावर बसून आठवत राहिली. मुद्दाम म्हणावं असं काही तिने केलं नव्हतं. आकडा कमी आला की पुन्हा घ्यायची, चांगला आला की थांबायची, एवढंच. कशासाठी, हे मात्र तिला ठाऊक होतं. पेशंट बरे व्हावेत असं वाटायचं, हे खरं. पण ते बरे झालेले वर तिसऱ्या मजल्यावर आधी दिसावेत, खाली नव्हे, असंही वाटायचं. रागाचा, लाजेचा एक लोट तिच्या कानांपर्यंत चढला.

ती तशीच जिना उतरून तळघरात गेली. काचेपलीकडे मशीन ठकठक करत होतं. धाकटी एकटीच होती.

"रिपोर्ट वाचलास?"

"हो, वहिनी."

"तुला आधी दिसलं होतं?"

धाकटी म्हणाली, "तिसऱ्या महिन्यालाच. टोक कसं सुटतं ते तुम्हीच शिकवलं होतंत मला."

"मग बोलली का नाहीस? एका शब्दाने तरी?"

"आधी वाटलं, तुम्हाला मी कशी सांगू? लहान तोंडी मोठा घास." मग तिचा आवाज बदलला. "आणि खरं सांगू? नंतर म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. इथे येणारा प्रत्येक पेशंट सांगतो, वरच्या ताई किती चांगल्या, त्यांचा हात किती हलका. माझ्या नळीत शिरताना मला शिव्या देतात. घरी आई माझं कौतुक करतात, पण गुडघा दुखला की हाक तुम्हाला मारतात. तुमची एक चूक दिसली, तर मला बरं वाटलं. मग त्या म्हातारीचं प्रकरण झालं. ते कुणी सांगितलं, मला कळत नाही का?"

आपला जसा जळफळाट होतो तसा हिचाही होत असेल, हे इतक्या वर्षांत थोरलीच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्या ऐकण्याने तिला एक क्षण गुदगुल्या झाल्यासारखंही झालं.

"चुकलंच माझं, म्हातारीचं," ती म्हणाली.

"माझंही," धाकटी म्हणाली. मग काचेकडे बघत हळूच म्हणाली, "तुमचा सुतार आज सकाळी वॉर्डात आलाय. धाप लागून. छातीत पाणी झालंय."

थोरली लगेच वॉर्डात गेली.

सुतार उशांना टेकून अर्धवट बसलेला होता, नाकात नळी. बायको पायथ्याशी. बोलता येत होतं पण वाक्याच्या मध्ये थांबून थांबून. थोरली दिसताच त्याचा चेहरा उजळला. "ताई... बघा ना... एवढा बरा झालो होतो..." त्याची बायको सांगू लागली, आकडा वाढला म्हटल्यावर यांनी लघवी होण्याची गोळी बंद केली, पुन्हा कपाटाचं काम घेतलं, फळ्या स्वतः उचलल्या, कुणाचं ऐकलं नाही.

थोरली पलंगाजवळ उभी राहिली. "तुम्ही बरे झाला नव्हतात," ती म्हणाली. "मी माप चुकीचं घेतलं. आकडा पस्तीसच होता. खालच्या मशीनवर बरोबर आला होता."

सुताराने तिच्याकडे नीट बघितलं. "मग मला... बरं का वाटत होतं?"

"मी सांगितलं म्हणून."

त्याने मान वळवली. बायको काहीतरी बोलणार होती, पण त्याने हातानेच तिला थांबवलं. चार दिवसांनी पाणी उतरून तो घरी गेला. जाताना थोरलीशी बोलला नाही.

मोठ्या डॉक्टरांना तिने सगळं स्वतःच सांगितलं, आकडा बोलून गेल्याचंसुद्धा. ते ओरडले नाहीत, पण बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. मग दोन गोष्टी ठरल्या. एक, यापुढे माप घेणाऱ्याला जुना आकडा दिसणार नाही. दुसरी, संशोधनातले उरलेले इको थोरलीने करायचे नाहीत.

"मग कोण करणार?" तिने विचारलं.

"धाकट्या. त्यांना दोन्ही येतं."

म्हणजे संशोधनाचे पेशंट यायचे त्या दिवशी, दर बुधवारी, थोरलीची खोली धाकटीच्या ताब्यात. थोरलीने त्या दिवशी केस-पेपरच्या खिडकीशी बसून नोंदी करायच्या. पहिल्या बुधवारी तिने मुद्दाम जेलची बाटली कपाटात कोंबून ठेवली. दुपारी धाकटीला ती शोधताना पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटून काढून दिली.

सुताराचा बारावा महिना भरला. तो आला तेव्हा थोरली खिडकीशी होती. त्याने नोंदीचा कागद पुढे केला, तिने शिक्का मारला. "गोळ्या चालू आहेत?" तिने विचारलं. "सगळ्या," तो म्हणाला. जरा थांबून पुढे म्हणाला, "फळ्या उचलायला माणूस ठेवलाय. मी नुसता रंधा मारतो." एवढं बोलून तो जिन्याकडे गेला. तिला तेवढंही पुष्कळ वाटलं.

गुरुवारच्या सभेत ती शेवटच्या रांगेत बसली. सुताराचा आकडा इकोवर सदतीस आला होता, एमआरआयवरही सदतीस. भिंतीवर पांढरा पट्टा दिसत होता आणि तो पूर्वीपेक्षा थोडा, अगदी थोडा अरुंद झाला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, चोवीस जणांत एवढा फरक तिघा-चौघांनाच आहे, त्यावरून फार काही म्हणता येणार नाही. पण या माणसाला आहे, आणि तो खरा आहे. खुर्च्या पुढे सरकल्या. धाकटीचे कान लाल झाले होते.

थोरलीला सुतारासाठी आनंद झाला. आणि तो फरक आपल्या हाताखाली दिसला नाही म्हणून आत चरचरलंही. दोन्ही एकदम झालं. कोणतं आधी, हे तिला सांगता आलं नसतं.

सभा संपल्यावर तिने वर जाऊन धाकटीने घेतलेलं सुताराचं चित्र संगणकावर लावलं. चूक शोधायचीच होती. तीनदा बघितलं. टोक पुरतं आत होतं, आणि तिथे जी पूर्वी नुसती थरथर होती, तिला आता बारीकशी ओढ आली होती. मागे दारात धाकटी येऊन उभी राहिली.

"काय बघताय, वहिनी?"

"चांगलं घेतलंयस," थोरली म्हणाली. मग राहवेना म्हणून पुढे म्हणाली, "उजेड जरा जास्त ठेवलायस. कडा उगाच जाड दिसतात."

"किती कमी करायला हवा होता?"

"दोन पायऱ्या."

धाकटी आत आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने खिशातल्या छोट्या वहीत ते लिहून घेतलं. थोरलीने दुसऱ्या पेशंटचं चित्र उघडलं.